अणुशक्तीवरच्या विमानवाहू जहाजाला सुटे भाग लागतातच किती?

प्रश्न असा आला आहे: "अणुशक्तीवरच्या विमानवाहू जहाजात एकदा इंधन भरलं की 25 वर्षं बघावं लागत नाही. मग त्याला सुटे भाग लागतातच किती? आणि आपण असं जहाज घेतलं तर सुट्या भागांसाठी दुसऱ्यांच्या तोंडाकडे बघणं संपेल का?" विचारणारे मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहेत आणि याच विषयावर प्रोजेक्ट करायचं म्हणतात. म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

आधी माझं सांगतो. बत्तीस वर्षं मी वाफेवर चालणाऱ्या जहाजांच्या दुरुस्तीत काढली. फिटर म्हणून लागलो आणि निवृत्त झालो तेव्हा टर्बाइन-बॉयलरचं काम बघत होतो. अणुभट्टीला मी कधी हात लावलेला नाही, त्यामुळे भट्टीबद्दल जे लिहीन ते जाहीर असलेलंच असेल. पण भट्टीच्या उष्णतेने वाफ तयार झाली की तिथून पुढचं सगळं माझ्या ओळखीचं आहे, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तरही बहुतांशी तिथूनच पुढे सापडतं.

कारण अणुशक्तीवरचं जहाज हे वाफेचंच जहाज असतं. बॉयलरखाली तेल जाळायच्या ऐवजी भट्टीतलं तापलेलं, दाबाखालचं पाणी स्टीम जनरेटरमधून फिरतं आणि दुसऱ्या बाजूच्या पाण्याची वाफ करतं. पुढे तेच जुनं कुटुंब: टर्बाइन, रिडक्शन गिअर, शाफ्ट, प्रोपेलर, वाफेचं परत पाणी करणारा कंडेन्सर, फीड पंप, शेकडो व्हॉल्व्ह. अमेरिकेच्या निमिट्झ वर्गाच्या जहाजावर 2 भट्ट्या, 4 शाफ्ट आणि सुमारे 2 लाख 60 हजार अश्वशक्ती आहे. इंधन 25 वर्षं टिकतं हे खरं, पण व्हॉल्व्हच्या दांड्याभोवतीची गळती रोखणारं पॅकिंग टिकत नाही. कंडेन्सरच्या नळ्यांमधून समुद्राचं खारं पाणी फिरतं, ते नळी खातं. उलट तेलाच्या बॉयलरची वाफ जास्त तापवलेली, कोरडी असते. भट्टीच्या उष्णतेवर झालेली वाफ ओलसर असते आणि तिच्यातले थेंब टर्बाइनच्या शेवटच्या पात्यांची कड झिजवतात. म्हणजे बॉयलरच्या विटा आणि तेलाचे बर्नर गेले, त्या जागी दुसरी दुखणी आली.

त्यात विमानांचा पसारा वेगळा. निमिट्झवर वाफेची 4 कॅटापल्ट, म्हणजे विमानाला वेग देऊन डेकवरून सोडणारी यंत्रं, आहेत. विमान सोडलं की त्यातली वाफ गेली ती गेली, कंडेन्सरला परत येत नाही. ती भरून काढायला, शिवाय माणसांना प्यायला-धुवायला, समुद्राच्या पाण्यापासून रोज सुमारे 15 लाख लिटर गोडं पाणी करायची क्षमता या जहाजावर असते. तो डिस्टिलिंग प्लांट अडला तर भट्टी ठणठणीत असूनही विमानं उडवायला मर्यादा येते. उतरत्या विमानाला अडवणारी डेकवरची तार तर शंभर-सव्वाशे वेळा वापरली की काढून टाकतात. इंधनाच्या 25 वर्षांत अशा किती तारा लागतील याचा हिशेब तुम्हीच करा.

आणि ती 25 वर्षंही सगळीकडे नाहीत. आज जगात अणुशक्तीवरची विमानवाहू जहाजं दोनच देशांकडे आहेत, अमेरिका आणि फ्रान्स. अमेरिका आपल्या भट्ट्यांत फार समृद्ध युरेनियम वापरते, म्हणून ते निम्मं आयुष्य पुरतं. फ्रान्सच्या 'शार्ल द गॉल'मध्ये कमी समृद्ध युरेनियम आहे. त्याचं इंधन 2007-08 आणि पुन्हा 2017-18 च्या मोठ्या दुरुस्तीत बदललं. देशाने कुठली वाट निवडली यावर हे अवलंबून आहे.

तेव्हा तुमचा खरा प्रश्न मी असा मांडतो: जे जहाज 50 वर्षं चालवायचं आहे, त्याचे भाग बनवणारे कारखाने 15-20 वर्षांत बंद पडतात, तर त्याला भाग द्यायचे कुठून?

इथे सुटा भाग म्हणजे काय ते नीट समजून घ्यायला हवं. नवीन मुलं स्टोअरमध्ये येतात तेव्हा त्यांना वाटतं, मापात बसला की झाला स्पेअर. माझ्या लेखी भाग म्हणजे चार गोष्टी: प्रत्यक्ष वस्तू, तिचं ड्रॉइंग, तिच्या धातूचा दाखला, आणि ती पुन्हा बनवू शकणारा कोणीतरी. यातलं एक जरी हरवलं तरी स्टोअरच्या वहीत भाग दिसतो, पण जहाजाला मिळत नाही.

धातूच्या दाखल्याचं उदाहरण देतो. 30 ऑक्टोबर 1990 रोजी बहारीनजवळ 'इवो जिमा' या अमेरिकन जहाजाच्या बॉयलर रूममध्ये 10 जणांचा जीव गेला. हे अणुशक्तीवरचं नव्हतं, वाफेवरचं होतं, पण वाफेला भट्टी कोणती हे ठाऊक नसतं. टर्बो-जनरेटरला वाफ देणारा एक व्हॉल्व्ह नुकताच दुरुस्त झाला होता. त्याचं वरचं झाकण, आम्ही बॉनेट म्हणतो, ते आवळताना पोलादाच्या नटांच्या जागी पितळेचे नट लागले. पितळेचे असूनही ते काळे होते, त्यांच्यावर काळा थर दिलेला होता, म्हणून नजरेला पोलादासारखे दिसले. आटे बसले, पाना बसला, सगळं बसलं. वाफ चढली, पितळ तापलं, तापलं की त्याची ताकद जाते. बॉनेट उडालं आणि ती खोली वाफेने भरली.

ही हकिकत वाचल्यापासून निवृत्तीपर्यंत माझ्या डगल्याच्या खिशात बोटाएवढं चुंबक असायचं. वाफेच्या लाइनवरचा प्रत्येक नट लावण्याआधी चुंबकाला दाखवायचा. पितळ चिकटत नाही. ही शेवटची चाचणी नव्हे, कारण पोलादातही साधं आणि उष्णतेला टिकणारं असे प्रकार आहेत आणि दोन्ही चुंबकाला सारखेच चिकटतात. त्यासाठी धातूची परीक्षा करणारं यंत्र हवं आणि कागद हवा. एकदा एका पुरवठादाराकडून स्टडची, म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेल्या बोल्टांची, पेटी आली. दाखला चोख, सही-शिक्का सगळं जागच्या जागी. मी एक स्टड उचलून टोकावरचं ठोकलेलं अक्षर भिंगातून बघितलं, तर हीट नंबर दाखल्यातला नव्हताच. हीट नंबर म्हणजे तो धातू कोणत्या वितळणीतून आला त्याची ओळख. स्टड कदाचित उत्तम असतील. पण दाखला त्यांचा नव्हता. पेटी परत केली, काम तीन दिवस थांबलं, वरून बोलणी बसली. आजही तसंच करीन.

स्टोअरमध्ये पडून राहिलेला भागही म्हातारा होतो, हे प्रोजेक्टमध्ये जरूर घ्या. रबराच्या ओ-रिंगच्या पाकिटावर तो कोणत्या वर्षीच्या कोणत्या तिमाहीत बनला ते छापलेलं असतं. मुदत गेली की रिंग दिसायला नवी असते, पण नखाने दाबून वाकवली की पृष्ठभागावर केसासारख्या भेगा उमटतात. बेअरिंगचं ग्रीस सुकतं. म्हणून "चला, पन्नास वर्षांचं आजच घेऊन ठेवू" हे काही भागांना चालतं आणि काहींना अजिबात चालत नाही. प्रोपेलर चालतो, सांध्यातली गळती रोखणारं गॅस्केट चालत नाही.

प्रोपेलर तरी चालतो का? 'शार्ल द गॉल'चीच गोष्ट बघा, कारण या विषयावर याहून शिकवणारी गोष्ट मला माहीत नाही. नोव्हेंबर 2000 मध्ये हे जहाज चाचणीसाठी अटलांटिक ओलांडून अमेरिकेकडे चाललं होतं. वाटेत डाव्या प्रोपेलरचं एक पातं तुटून समुद्रात गेलं. जहाज फ्रान्समधल्या तुलाँ बंदरात परतलं. तपासात ओतकामातच दोष निघाला, धातूत पोकळ्या होत्या. असं होतं कधी कधी. म्हणूनच तर जादा प्रोपेलर ठेवतात. पण उजव्या बाजूच्या प्रोपेलरमध्येही तसेच दोष, आणि राखून ठेवलेल्या जादा प्रोपेलरमध्येही तेच. बनवणारी कंपनी तोवर बंद पडलेली. आणि कागदपत्रं? ती आगीत गेलेली. वर मी ज्या चार गोष्टी म्हटल्या, त्या चारही एकाच वेळी गेल्या होत्या.

मग त्यांनी 'क्लेमांसो' आणि 'फॉश' या जुन्या, तेलावर चालणाऱ्या विमानवाहू जहाजांचे प्रोपेलर काढून याला बसवले. बसले, पण ते या जहाजासाठी घडवलेले नव्हते. 27 नॉटचं जहाज कित्येक वर्षं 24-25 नॉटवर चाललं. नवे प्रोपेलर लागले ते 2007-08 च्या दुरुस्तीत. नवी कोरी अणुभट्टी आणि तिच्या टोकाला निवृत्त जहाजाचे प्रोपेलर, अशी सात-आठ वर्षं त्या जहाजाने काढली. यातलं 'क्लेमांसो' हे नाव तुम्ही ऐकलं असेल. 2005 च्या शेवटी याच जहाजाचा सांगाडा तोडण्यासाठी गुजरातेत अलंगला निघाला होता, त्यातल्या ॲस्बेस्टॉसवरून आपल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत प्रकरण गेलं आणि फेब्रुवारी 2006 मध्ये फ्रान्सने तो परत बोलावला.

यातून मी माझ्या कामासाठी एक नियम घेतला होता: चालू भाग आणि त्याचा राखीव भाग एकाच ओतकामातले नसावेत. शक्य असेल तिथे दोन वेगळ्या वितळणीतले, जमल्यास दोन वेगळ्या कारखान्यांतले घ्यावेत. खरेदीवाल्यांना हे आवडत नाही, कारण एकत्र घेतलं की भाव कमी पडतो. पण एकाच घाण्यातले दोन भाग एकाच कारणाने जातात.

आता पाठच्या भावंडांबद्दल. एकाच आराखड्याची जहाजं किती, यावर सुट्या भागांचं अर्धं गणित ठरतं. अमेरिकेचं पहिलं अणुशक्तीवरचं विमानवाहू जहाज 'एंटरप्राइज' 1961 मध्ये नौदलात आलं. त्यात तब्बल 8 भट्ट्या होत्या. त्या वर्गाची 6 जहाजं बांधायची होती, बांधलं गेलं एकच. त्यामुळे त्याचे कितीतरी भाग जगात दुसऱ्या कुठल्याच जहाजाला लागत नव्हते, ते खास त्याच्यासाठी बनवून घ्यावे लागत. एकट्या जहाजासाठी कोण कारखाना साचा सांभाळून ठेवणार? तरी ते 2012 पर्यंत, 51 वर्षं, चालवलं. त्यावर काम केलेल्या माणसांबद्दल मला मनापासून आदर आहे.

निमिट्झचं उलटं. 1975 ते 2009 या काळात त्या वर्गाची 10 जहाजं आली. दहा जहाजांना लागणारा पंप बनवायला कारखाना तयार असतो, आणि एकाचा पंप अडला तर तात्पुरता दुसऱ्याकडून घेता येतो. निवृत्त जहाजंही कामी येतात. 'इंडिपेंडन्स' या जुन्या जहाजाचा एक नांगर आणि दोन्ही नांगर-साखळ्या शेवटच्या निमिट्झला, 'जॉर्ज एच. डब्ल्यू. बुश'ला, लावल्या. 'एंटरप्राइज'चा एक नांगर 'अब्राहम लिंकन'ला गेला. सुमारे 30 टनांचा नांगर. नांगराला ना भट्टी माहीत, ना वर्ग. तो चांगला असेल तर पुढच्या पिढीला चालतो.

पण वर्गातलं पहिलं जहाज नेहमी एकटं असतं, पुढे कितीही भावंडं होणार असली तरी. 2017 मध्ये आलेल्या 'जेराल्ड फोर्ड'वर सगळंच नवं होतं: विजेवर चालणारी कॅटापल्ट, नवी अटकाव यंत्रणा, दारूगोळ्याच्या 11 नव्या लिफ्ट. भाग कमी पडले तेव्हा बांधणी सुरू असलेल्या पुढच्या 'जॉन एफ. केनेडी'मधून मोटर, लहान पंप, लिमिट स्विच, व्हॉल्व्हचे ॲक्च्युएटर असे भाग काढून फोर्डला दिले. याला आम्ही कॅनिबलायझेशन म्हणतो. मी स्वतः ते कितीदा तरी केलं आहे. उद्या पहाटे जहाज निघायचं आहे आणि भाग दोन महिन्यांनी येणार आहे, तर शेजारच्या जहाजाचा काढायचा, दुसरा इलाज नसतो. पण त्याची किंमत कागदावर दिसत नाही. एक भाग बदलायला दोनदा काढणं आणि दोनदा बसवणं, म्हणजे दुप्पट हात. प्रत्येक वेळी गॅस्केट नवं, एखादा स्टड मोडतोच, आणि त्या भागाचा इतिहास दोन जहाजांच्या वह्यांत विभागला जातो. म्हणून माझ्या हाताखालच्यांना सांगायचो: भाग काढलास तर त्या रिकाम्या जागेवर टॅग लाव, आणि इंडेंट, म्हणजे नव्या भागाची मागणी, आजच टाक. उद्या म्हटलं की ती जागा वर्षभर रिकामी राहते.

निमिट्झ वर्गाला आयुष्याच्या मध्यावर एक मोठी दुरुस्ती असते. व्हर्जिनियातल्या न्यूपोर्ट न्यूजच्या गोदीत इंधन बदलतात आणि त्याच वेळी जहाज आतून उघडतात. ठरलेला काळ सुमारे 4 वर्षं. ही जहाजं बांधणारी अमेरिकेतली गोदीही हीच, एकच. 'जॉर्ज वॉशिंग्टन' 2017 मध्ये आत गेलं ते 2023 मध्ये बाहेर आलं. 'जॉन सी. स्टेनिस' 2021 मध्ये गेलं, 2025 मध्ये व्हायचं होतं, लांबलं. त्याच्या कारणांपैकी एक मोठं कारण होतं वाफेच्या टर्बाइन-जनरेटरचं नुकसान, जे उघडल्यावर दिसलं. लक्षात घ्या, इंधन बदलण्याच्या कामात अडवलं ते वाफेच्या बाजूने.

'उघडल्यावर दिसलं' हे शब्द आमच्या धंद्यातले सगळ्यात महागडे. टर्बाइनचं वरचं केसिंग उचलेपर्यंत रोटर कसा आहे ते नक्की कळत नाही. कंपनांची नोंद, तेलातले धातूचे कण यांवरून अंदाज बांधता येतो. पण रोटरसारख्या वस्तूची ऑर्डर देऊन ती हातात पडायला वर्षं जातात. मग उघडण्याआधीच मागवायची का? मागवली आणि लागली नाही तर पैसे अडकले. नाही मागवली आणि लागली तर गोदी अडकली, मागचं जहाज अडकलं. याचं एकच बरोबर उत्तर नाही. मी स्वतः मागवण्याच्या बाजूचा होतो, कारण वर्ग मोठा असेल तर न लागलेला रोटर पुढच्या जहाजाला जातो. एकट्या जहाजासाठी हाच निर्णय फार कठीण असतो.

भट्टीच्या बाजूचं थोडक्यात. तिथे मोठी पात्रं जहाजाच्या आयुष्यभरासाठी बनवतात, सुटा भाग म्हणून मांडून ठेवत नाहीत. अमेरिकेत नौदलाच्या भट्ट्यांचं इंधन बनवणारी कंपनी एकच आहे, बीडब्ल्यूएक्सटी. तिला काम अखंड मिळत राहावं, नाहीतर शिकलेले वेल्डर पांगतील, ही चिंता तिथे कायम असते. आणि काढलेला भाग भंगारवाल्याला देता येत नाही. वापरलेलं इंधन आयडाहोला जातं. पाणबुड्यांचे भट्टीचे कप्पे वॉशिंग्टन राज्यातल्या हॅनफर्डला पुरतात. जुन्या 'एंटरप्राइज'चं तोडकाम अलाबामातल्या मोबाइलमध्ये करण्याचं कंत्राट 2025 मध्ये दिलं गेलं, म्हणजे ते चालवणं थांबल्यावर 13 वर्षांनी.

आता तुमचा दुसरा प्रश्न, आपल्याबद्दलचा. आपल्याकडे वाफेवरची विमानवाहू जहाजं चालवण्याचा मोठा अनुभव आहे. 'विराट' 1959 मध्ये ब्रिटिश नौदलात 'हर्मिस' म्हणून आली, 1987 मध्ये आपल्याकडे आली आणि मार्च 2017 पर्यंत राहिली. आपण घेतली तेव्हा तिची भावंडं मोडीत निघाली होती, तरी 30 वर्षं ती चालली. भाग उलट मोजून ड्रॉइंग काढणं, धातू ओळखणं, इथल्या कारखान्यात बनवून घेणं हे ज्ञान त्यातूनच येतं. 2022 मध्ये आलेल्या नव्या 'विक्रांत'वर 4 एलएम2500 गॅस टर्बाइन आहेत. हेच इंजिन आपल्या शिवालिक वर्गाच्या फ्रिगेटवर आणि जगातल्या कितीतरी नौदलांत आहे. म्हणजे जहाज म्हणून विक्रांत एकटी असली तरी इंजिनाला भरपूर भावंडं आहेत. फ्रान्सने अणुभट्टीत हीच युक्ती केली: 'शार्ल द गॉल'च्या दोन के15 भट्ट्या त्यांच्या ल त्रिओंफां वर्गाच्या पाणबुड्यांवरही आहेत. जहाज एक, पण भट्टी एकटी नाही.

तेव्हा अणुशक्तीने तेलाच्या टँकरवरचं अवलंबन जातं, सुट्या भागांचं जात नाही. उलट ज्या कारखान्यांना हे भाग बनवता येतात त्यांची संख्या कमी होते. उद्या आपण असं जहाज बांधलंच, तर दुसऱ्यांच्या तोंडाकडे बघावं लागेल की नाही हे भट्टीवर ठरणार नाही. भट्टी पाणबुडीशी सामायिक आहे का, ड्रॉइंग आपल्या हातात आहेत का, फोर्जिंग आणि मोठं ओतकाम इथे होतं का, आणि किमान दोन जहाजं बांधायची ठरली आहेत का, यावर ठरेल.

प्रोजेक्टसाठी सगळं जहाज घेऊ नका, झेपणार नाही. वाफेच्या लाइनवरचा एक गेट व्हॉल्व्ह घ्या. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये किंवा जवळच्या साखर कारखान्यात मिळेल. खोला. बॉनेट, स्टड, नट, स्पिंडल, सीट, पॅकिंग, गॅस्केट अशी प्रत्येकाची एक ओळ लिहा. प्रत्येकापुढे चार रकाने करा: धातू कोणता आणि त्याचा पुरावा काय, ड्रॉइंग कोणाकडे आहे, आज कोण बनवतं, आणि तो कारखाना बंद पडला तर काय कराल. पाचवा रकाना हवा असेल तर: कपाटात ठेवला तर किती वर्षं टिकेल. सात-आठ ओळी भरायला तुम्हाला आठवडा लागेल, विशेषतः पहिला रकाना भरायला. भरून झाल्यावर इथे टाका, मी बघतो. आणि जाताना खिशात चुंबक न्या.